गरजेचा हिशेब : मगनवाडी ते बाकू

गरज मोजतां येते काय, आणि येत असल्यास ती कोणीं मोजावी, हा प्रश्न दिसावयास साधा आहे; परंतु गेल्या तीस-बत्तीस वर्षांत जगांतील जवळजवळ सर्व राष्ट्रांच्या प्रतिनिधींना त्यानें पुनःपुन्हा पेंचांत टाकलें आहे. पृथ्वीचें हवामान तापत चाललें आहे, पाऊस लहरी झाला आहे, समुद्राची पातळी चढत आहे. या पालटास तोंड देण्यासाठीं, आणि कोळसा व तेल यांवरील आपला भर कमी करण्यासाठीं, गरीब राष्ट्रांना किती पैसा लागेल व त्यांपैकीं किती श्रीमंत राष्ट्रांनीं द्यावा, याचा एक आकडा ठरवावयाचा होता. २०२४ सालच्या नोव्हेंबरांत अझरबैजानची राजधानी बाकू येथें भरलेल्या परिषदेंत तो ठरलाहि. पण ठरलेला आकडा गरजेचा आहे कीं देणाऱ्याच्या मर्जीचा आहे, हा वाद मात्र मिटलेला नाहीं.

हा वाद आपणांस अगदींच अपरिचित वाटावयास नको. वर्धा म्हटलें कीं आपल्याला चरखा, सेवाग्रामची कुटी आणि सायंप्रार्थना आठवते. परंतु १९३४ नंतरच्या दहा-अकरा वर्षांत त्याच वर्ध्यास कांहीं माणसें वही-लेखणी घेऊन एका दरिद्री देशाच्या गरजांचा हिशेब मांडीत होतीं, ही गोष्ट तितकीशी कोणाच्या ध्यानांत नसते. तो हिशेब त्यांनीं कोणत्या मापानें मांडला, तो इतरांच्या हिशेबाहून वेगळा कां आला, आणि पैसा कोठून आणावयाचा याविषयीं त्यांनीं काय म्हटलें, हें पाहिलें म्हणजे आजच्या जागतिक वादांतील खरी गांठ कोठें आहे तें कळतें. म्हणून प्रथम मगनवाडीकडे आणि मग बाकूकडे, असा आपल्या विवेचनाचा मार्ग ठेवूं.

या हिशेबाचे आद्य मुनीम म्हणजे जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा. त्यांचा जन्म १८९२ सालीं तंजावर येथें झाला. लंडनमध्यें त्यांनीं हिशेबतपासनिसाचें शिक्षण घेतलें आणि पुढें अमेरिकेंत, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत, सार्वजनिक अर्थकारणाचा अभ्यास केला. हिंदुस्थानचें दारिद्र्य आणि सरकारचा जमाखर्च यांचा संबंध काय, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. १९२९ सालीं त्यांची गांधीजींशीं गांठ पडली, आणि त्यानंतर त्यांच्याकडे पहिलें काम आलें तें गुजरातेंतील खेडा जिल्ह्याच्या मातर तालुक्याच्या पाहणीचें. शेतकऱ्याची मिळकत किती, देणें किती, आणि शेतसारा त्याच्या ऐपतींत बसतो कीं नाहीं, हें गांवोगांव हिंडून लिहून काढावयाचें होतें. तालुक्याच्या कचेरींतले कागद पाहून शेतकऱ्याची स्थिति कळत नाहीं. त्याच्या ओसरीवर बसून ती विचारावी लागते, हा धडा या पाहणीनें घालून दिला.

दुसरें काम याहून मोठें व याहून नाजूक होतें. १९३१ सालीं, कराचीच्या अधिवेशनानंतर, काँग्रेसनें इंग्लंड व हिंदुस्थान यांच्यामधील देण्याघेण्याची तपासणी करण्यासाठीं एक समिति नेमली. बहादुरजी, भुलाभाई देसाई आणि प्राध्यापक के. टी. शहा हे तिचे सभासद, आणि कुमारप्पा निमंत्रक होते. हिंदुस्थानच्या नांवावर जें सार्वजनिक कर्ज लिहिलेलें होतें, त्यांपैकीं खरोखर हिंदुस्थानचें किती आणि इंग्लंडचें किती, असा समितीपुढील प्रश्न होता. देशाबाहेर लढलेल्या लढाया, ईस्ट इंडिया कंपनीच्या भागीदारांना दिलेला मोबदला, पहिल्या महायुद्धांत हिंदुस्थानच्या नांवें दिलेली दहा कोटी पौंडांची देणगी, अशीं एकेक कलमें तिनें तपासलीं. समितीचें तत्त्व सरळ होतें : जो खर्च हिंदी जनतेच्या संमतीवांचून व तिच्या हितावांचून झाला, तो तिच्या खातीं लिहितां येत नाहीं. म्हणजे केवळ "आम्ही गरीब आहोंत, आम्हांला द्या" असें न म्हणतां "हें देणें मुळांत कोणाचें?" असा प्रश्न हिशेबाच्या भाषेंत विचारला गेला. हवामानाच्या वाटाघाटींत आज जो सर्वांत कडू प्रश्न आहे, त्याचेंच हें जुनें रूप होय.

१९३४ च्या डिसेंबरांत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनीं वर्ध्याची आपली बाग त्याला दिली, आणि मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ तिला मगनवाडी असें नांव मिळालें. तेलघाणी, हातकागद, मधमाशा, गूळ, हातसडीचा तांदूळ यांचे प्रयोग येथें चालत. १९३८ च्या अखेरीस गांधीजींच्या हस्तें मगन संग्रहालय उघडलें गेलें. तें आजहि वर्ध्यास पाहावयास मिळतें. त्याच सुमारास मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारनें कुमारप्पांच्या अध्यक्षतेखालीं औद्योगिक पाहणी समिति नेमली. कोणत्या गांवीं कोणता धंदा उभा राहील हें नागपुरास बसून ठरविण्याऐवजीं तिनें ६०६ खेड्यांची पाहणी केली, आणि १९३९ सालीं आपला अहवाल प्रसिद्ध केला. आधीं गांव मोजावा, मग प्रांताची बेरीज करावी, हीच तिची रीति होती.

अशा वातावरणांत १९४४ साल उजाडलें. दुसरें महायुद्ध अद्याप संपलें नव्हतें, पण तें संपल्यावर हिंदुस्थानची उभारणी कशी करावयाची याची चर्चा सर्वत्र सुरू झाली होती. त्या एका वर्षांत तीन योजना पुढें आल्या, आणि प्रत्येकीनें देशाच्या गरजेचा निरनिराळा आकडा सांगितला.

पहिली मुंबईची योजना. पुरुषोत्तमदास ठाकुरदास, जे. आर. डी. टाटा, घनश्यामदास बिर्ला, अर्देशीर दलाल, लाला श्रीराम, कस्तुरभाई लालभाई, ए. डी. श्रॉफ आणि डॉ. जॉन मथाई या आठ जणांच्या सहीनें ती निघाली. पंधरा वर्षांत दरडोई उत्पन्न दुप्पट करावयाचें आणि त्यासाठीं १०,००० कोटी रुपये खर्चावयाचे, असा तिचा संकल्प होता. दुसरी लोकयोजना. मानवेन्द्रनाथ रॉय यांच्या विचाराच्या कामगार संघटनेनें ती तयार केली, आणि बॅनर्जी, जी. डी. पारीख व वि. म. तारकुंडे हे तिचे लेखक होते. दहा वर्षांत १५,००० कोटी रुपये, असा तिचा आकडा होता. तिसरी वर्ध्याची. तेथील सेक्सरिया वाणिज्य महाविद्यालयाचे प्राचार्य श्रीमन्नारायण अग्रवाल यांनीं ती लिहिली, आणि गांधीजींनीं तिला प्रस्तावना दिली. दहा वर्षांसाठीं ३,५०० कोटी रुपयांचा एकवार भांडवली खर्च आणि २०० कोटींचा आवर्ती खर्च, एवढाच तिचा आकडा होता.

देश एक, वर्ष एक, आणि गरजेचे आकडे तीन! १९४१ च्या शिरगणतीप्रमाणें देशाची लोकसंख्या सुमारें ३९ कोटी होती. त्या हिशेबानें वर्ध्याच्या योजनेंत भांडवली खर्च माणशीं ९० रुपये पडतो, मुंबईच्या योजनेंत २५६, आणि लोकयोजनेंत ३८५. यांतील कोणी बेरीज चुकला होता असें नव्हे. फरक बेरजेंत नव्हता, मापांत होता.

तें माप कसें बदलतें, याचा नमुना पाहण्यासारखा आहे. मुंबईच्या योजनेनें प्रत्येक माणसाला दररोज २,८०० उष्मांकांचें अन्न, वर्षाला ३० वार कापड आणि १०० चौरस फूट घर मिळावें असें धरलें होतें. वर्ध्याच्या योजनेनें २,६०० उष्मांक, २० वार कापड आणि तितकेंच १०० चौरस फूट घर धरलें. दहा वार कापडाचा फरक क्षुल्लक वाटतो. परंतु ३९ कोटी माणसांनीं गुणल्यावर तो ३९० कोटी वार होतो, आणि तितकें कापड गिरणींत विणावयाचें कीं हातमागावर, यावर यंत्रांचा, विजेचा, आगगाडीचा आणि परदेशी चलनाचा खर्च अवलंबून राहतो. मुंबईच्या योजनेंत उद्योगधंद्यांच्या वांट्यास ४,४८० कोटी आले होते आणि शेतीच्या वांट्यास १,२४० कोटी. वर्ध्याच्या योजनेंत सर्वांत मोठा वांटा शेतीचा, म्हणजे १,१७५ कोटींचा होता. मोठ्या व पायाभूत उद्योगांना १,००० कोटी, ग्रामोद्योगांना ३५० कोटी, दळणवळणास ४००, शिक्षणास २९५, आरोग्यास २६० आणि संशोधनास २० कोटी. शेतीवरील रक्कम दोहोंची जवळपास सारखीच आहे, हें येथें लक्षांत घेण्यासारखें आहे. नांगराखालच्या जमिनीला काय लागतें याविषयीं गिरणीमालक आणि आश्रमवासी यांचें फारसें दुमत नव्हतें. मतभेद होता तो चांगल्या जीवनाच्या कल्पनेविषयीं.

आतां खर्चाची बाजू सोडून जमेची बाजू पाहूं. वर्ध्याच्या योजनेनें २,००० कोटी देशांतल्या देशांत कर्जानें, १,००० कोटी नव्या चलनानें आणि ५०० कोटी करांनीं उभारावे असें म्हटलें. या तीन रकान्यांत परकी कर्जाला जागाच ठेविली नव्हती. गरज लहान ठेविली ती केवळ साधेपणाच्या प्रेमानें नव्हे. जो दुसऱ्याच्या पैशावर योजना आंखतो त्याची योजना दुसऱ्याच्या हातीं जाते, हें भयहि तिच्या मुळाशीं होतें. मुंबईच्या योजनेनें मात्र १०,००० कोटींपैकीं २,६०० कोटी बाहेरील साधनांतून येतील असें धरलें : १,००० कोटी इंग्लंडकडे साठलेल्या येण्यांतून, ७०० कोटी परकी कर्जांतून, ६०० कोटी व्यापारी शिलकेंतून, आणि ३०० कोटी लोकांनीं पुरून ठेविलेल्या सोन्यांतून. नवें चलन तिनें ३,४०० कोटींचें धरलें होतें, आणि त्यामुळें महागाई भडकेल असा आक्षेप तिच्यावर त्याच वेळीं आला. वर्ध्याच्या योजनेचा आकडा फार लहान आहे, तेवढ्या भांडवलांत दारिद्र्य हटणार नाहीं, असा आक्षेप तिच्यावरहि आला. दोन्ही आक्षेपांत तथ्य होतें. आकडा जितका मोठा, तितकी त्याची जमेची बाजू पोकळ राहण्याचा धोका. आणि जितका लहान, तितक्या कांहीं खऱ्या गरजा हिशेबाबाहेर राहण्याचा धोका.

"इंग्लंडकडे साठलेलें येणें" असें वर म्हटलें, त्याची हकीकत मोठी उद्बोधक आहे. युद्धकाळांत इंग्लंडनें हिंदुस्थानांतून धान्य, कापड, तंबू, चामडें, सैनिकांची रसद असें अपरंपार सामान उचललें, आणि त्याची किंमत लंडनमध्यें पौंडांत हिंदुस्थानच्या नांवें जमा केली. ही रक्कम वाढत वाढत सुमारें १३० कोटी पौंडांवर गेली. म्हणजे एक दरिद्री देश एका श्रीमंत साम्राज्याचा सावकार झाला होता. पण त्या पैशाला हात लावण्याची त्याला मुभा नव्हती. १९४४ च्या जुलै महिन्यांत अमेरिकेंतील ब्रेटन वुड्स येथें ४४ राष्ट्रांची परिषद भरली आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधि व जागतिक बँक यांचा पाया घातला गेला. हिंदुस्थानच्या शिष्टमंडळांत रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर, आपले चिंतामणराव देशमुख होते, षण्मुखम् चेट्टी होते, आणि मुंबईच्या योजनेवर सही करणारे श्रॉफहि होते. या येण्यापैकीं निदान कांहीं भाग तरी नव्या संस्थेमार्फत मोकळा व्हावा, अशी मागणी शिष्टमंडळानें केली. तो इंग्लंड आणि त्याचे धनको यांच्यामधला खासगी प्रश्न आहे, असें उत्तर मिळालें. नाणेनिधीच्या उद्देशांत मागासलेल्या देशांच्या विकासाचा स्पष्ट उल्लेख असावा, हीहि सूचना मान्य झाली नाहीं. बँकेच्या घटनेंत मात्र अल्पविकसित देशांचा उल्लेख आला. एवढ्या शिकस्तीनंतर निधींत हिंदुस्थानचा वांटा ४० कोटी डॉलरांचा ठरला.

गरिबांच्या गरजेचा आंतरराष्ट्रीय हिशेब मांडतांना पहिल्याच वेळीं काय अनुभव आला, तो असा. गरज कागदावर सिद्ध करतां येते, येणें कागदावर दाखवितां येतें. पण टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलेला आधीं आपली थैली चांचपतो आणि मग आकडा बोलतो.

पुढील वीस-पंचवीस वर्षांत हीच गोष्ट निराळ्या रूपानें घडली. मागास राष्ट्रांना दरवर्षीं किती बाहेरचें भांडवल लागेल याचे अंदाज अर्थशास्त्रज्ञांनीं केले, आणि अखेर १९७० सालीं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें ठराव केला कीं, श्रीमंत राष्ट्रांनीं आपल्या उत्पन्नाच्या शेंकडा ०.७ इतकें साहाय्य द्यावें. ठरावाला अर्धशतक उलटून गेलें, तरी तें प्रमाण गांठणारीं राष्ट्रें एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकींच आहेत.

आतां हवामानाकडे वळूं. १९९२ सालीं हवामानविषयक आंतरराष्ट्रीय करार तयार झाला आणि त्याच वर्षीं रिओ दि जानेरो येथील परिषदेंत त्यावर सह्या होऊं लागल्या. त्यांत विकसित राष्ट्रांनीं विकसनशील राष्ट्रांना नव्या व जादा रकमा द्याव्या, आणि कराराचें कर्तव्य पार पाडण्यास येणारा वाढीव खर्च उभयतांच्या संमतीनें ठरवून तो सर्व भागवावा, असें तत्त्व लिहिलें गेलें. हें तत्त्व १९३१ च्या समितीच्या तत्त्वाशीं मिळतेंजुळतें आहे : ज्यानें हवेंत धूर सोडून संपत्ति मिळविली, त्याच्या खातीं खर्च लिहावा. परंतु करारांत आकडा नव्हता. तो आला २००९ सालीं. त्या वर्षाच्या जून महिन्यांत इंग्लंडचे पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनीं वर्षाला १०० अब्ज डॉलरांची सूचना केली, आणि डिसेंबरांत कोपनहेगन येथें, २०२० पर्यंत दरसाल तेवढी रक्कम उभारूं, असें श्रीमंत राष्ट्रांनीं मान्य केलें. आपल्या मोजणीनें ही रक्कम १०,००० कोटी डॉलर होते. मुंबईच्या योजनेचाहि आकडा १०,००० कोटींचाच, मात्र रुपयांचा. पण दोहोंत एक मोठा भेद आहे. मुंबईच्या योजनेखालीं अन्न, वस्त्र व घर यांचीं कलमें होतीं. कोपनहेगनच्या आकड्याखालीं कलमेंच नव्हतीं. तो गोल आणि बोलावयास सोपा होता. कोणत्याहि देशाच्या गरजा मोजून तो काढलेला नव्हता.

तोहि वेळेवर पुरा झाला नाहीं. श्रीमंत राष्ट्रांच्या आर्थिक सहकार्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणें २०२२ सालीं, म्हणजे मुदतीनंतर दोन वर्षांनीं, रक्कम ११,५९० कोटी डॉलरांवर गेली. आणि त्यांतील सरकारी पैशापैकीं शेंकडा सुमारें ७० भाग कर्जाचा होता. कर्जाची मुद्दल रक्कम आणि अनुदान हीं दोन्हीं एकाच रकान्यांत मांडलीं गेलीं. वर्ध्याच्या महाविद्यालयांत हिशेबाच्या परीक्षेला बसलेल्या विद्यार्थ्यानें असें केलें असतें, तर परीक्षकानें त्याचे गुण कापले असते.

२०१५ च्या पॅरिस परिषदेंत या चुकीची थोडी दुरुस्ती झाली. २०२५ पूर्वीं नवा आकडा ठरवावा, तो १०० अब्जांच्या खालीं नसावा, आणि तो ठरवितांना विकसनशील राष्ट्रांच्या गरजा व अग्रक्रम ध्यानांत घ्यावे, असें तेथें लिहिलें गेलें. गरज हा शब्द आकड्याला जोडला गेला. मग ती मोजावी लागली. कराराच्या वित्तविषयक स्थायी समितीनें २०२१ सालीं पहिला गरजनिश्चिति अहवाल काढला. १५३ राष्ट्रांनीं आपल्या निवेदनांत गरजा सांगितल्या होत्या. त्यांपैकीं खर्चाचा आकडा मांडतां आला तो केवळ ७८ राष्ट्रांना. तेवढ्यांचीच बेरीज २०३० पर्यंत ५ लक्ष ८० हजार ते ५ लक्ष ९० हजार कोटी डॉलर झाली. २०२४ च्या दुसऱ्या अहवालानंतर बाकूच्या ठरावांत जो आकडा नमूद झाला, तो २०३० पर्यंत ५ लक्ष १० हजार ते ६ लक्ष ८० हजार कोटी, म्हणजे वर्षाला ४५,५०० ते ५८,४०० कोटी डॉलरांचा आहे. आणि केवळ बदललेल्या हवामानाशीं जुळवून घेण्याची गरज वर्षाला २१,५०० ते ३८,७०० कोटींची धरली आहे.

येथें एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. ज्या राष्ट्रांना आपली गरज मोजतां आली नाहीं, त्यांची गरज या बेरजेंत शून्य धरली जाते. मोजण्यासाठीं हिशेबनीस लागतात, पर्जन्यमापकें लागतात, जुने दप्तर लागतें; आणि जो जितका गरीब, तितकीं हीं साधनें त्याच्यापाशीं कमी. शिवाय कांहीं गरजा मोजणें सोपें असतें आणि कांहीं अवघड. सूर्यशक्तीवर वीज करणारें केंद्र किती रुपयांत उभें राहील, हें कंत्राटदार सांगूं शकतो. पाऊस तीन आठवडे लांबला तर सेलू किंवा समुद्रपूर तालुक्यांतील कापसाचें दुबार पेरणीचें बी, मजुरी आणि सावकाराचें व्याज मिळून किती होतें, हें सांगावयास गांवींच जावें लागतें. आपल्या देशानें २०१५ सालीं सादर केलेल्या निवेदनांतहि २०३० पर्यंतची एकूण गरज २ लक्ष ५० हजार कोटी डॉलर मांडली होती. त्यांपैकीं शेती, वनें, मत्स्यव्यवसाय, पाणी वगैरेंना हवामानाशीं जुळवून घेण्यासाठीं २०,६०० कोटी, म्हणजे दहावा हिस्साहि नव्हे.

आणि बाकूला काय झालें? विकसनशील राष्ट्रांची मागणी वर्षाला १ लक्ष ३० हजार कोटी डॉलरांची होती. ठरलें तें असें कीं, विकसित राष्ट्रांच्या पुढाकारानें २०३५ पर्यंत वर्षाला निदान ३०,००० कोटी डॉलर उभारावे. आणि १ लक्ष ३० हजार कोटींपर्यंत पोंचण्यासाठीं सर्वांनींच, म्हणजे सरकारांनीं व खासगी धनिकांनींहि, प्रयत्न करावा. ठरावांत गरजेची जी बेरीज लिहिली आहे, तिच्या खालच्या टोंकाशींहि ठरलेली रक्कम पोंचत नाहीं. आणि गरज २०३० पर्यंतची, तर रक्कम २०३५ सालची. ठराव संमत झाल्याचें जाहीर होतांच भारताच्या प्रतिनिधीनें त्यास उघड हरकत घेतली. ब्रेटन वुड्सला देशमुख व श्रॉफ यांनीं घेतलेल्या हरकतीनंतर ऐशीं वर्षांनीं, जवळजवळ त्याच कारणासाठीं.

आतां पुन्हा वर्ध्याकडे येऊं. कारण या जागतिक आकड्याचा एक लहानसा भाग त्या जिल्ह्यांत प्रत्यक्ष येऊन पोंचला आहे. २०१८ सालीं महाराष्ट्र सरकारनें नानाजी देशमुख कृषि संजीवनी प्रकल्प हातीं घेतला. मराठवाडा, विदर्भ व खानदेश मिळून १५ जिल्हे आणि ५,१४२ गांवें त्याच्या पहिल्या टप्प्यांत होतीं. वर्धा जिल्हा त्यांपैकीं एक. लहरी पावसांत शेती टिकावी हा त्याचा हेतु. गांवाची ग्राम कृषि संजीवनी समिति करावयाची, गांवावर पाऊस किती पडतो, वाहून किती जातो, जमिनींत मुरतो किती आणि पिकांना लागतो किती, याचा ताळेबंद मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेनें तयार केलेल्या पद्धतीनें मांडावयाचा, आणि मग त्या गांवाला शेततळें हवें कीं विहिरीचें पुनर्भरण, ठिबक हवें कीं बांधबंदिस्ती, हें ठरवावयाचें. ६०६ खेडीं मोजणारे कुमारप्पा हें पाहते, तर त्यांना आपलीच रीति ओळखूं आली असती. गरज मोजण्याची ही योग्य पद्धति आहे, आणि ती मोजतां येते याचा पुरावाहि येथेंच आहे.

पण जमेची बाजू पाहावी. प्रकल्पाचा खर्च ६० कोटी डॉलर; त्यांपैकीं ४२ कोटी जागतिक बँकेचें कर्ज, फेडीची मुदत २४ वर्षें, आणि उरलेला खर्च राज्य सरकारचा. कर्ज लांब मुदतीचें असलें तरी तें कर्जच. म्हणजे ज्या शेतकऱ्यानें हवेंत धूर जवळजवळ सोडलाच नाहीं, त्याच्या शेततळ्याचा खर्च अखेर त्याच्याच राज्यानें, त्याच्याच करांतून, फेडावयाचा. अशा कर्जाची नोंद जागतिक वहींत "दिलेलें साहाय्य" म्हणून होते. वहींतला रकाना भरतो. पण देणें कोणाचें होतें, हा १९३१ चा प्रश्न तसाच उरतो.

कुमारप्पांनीं तुरुंगांत लिहिलेल्या आणि १९४५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या चिरस्थायी अर्थव्यवस्थेवरील ग्रंथांत एक भेद सांगितला आहे. कोळसा, खनिज तेल, धातू यांचा सांठा ठरीव आहे. तो वापरला कीं संपतो. नदीचें वाहतें पाणी आणि जंगलांत वाढणारें लांकूड यांचा ओघ, बेतानें घेतल्यास, संपत नाहीं. सांठ्यावर उभी केलेली संस्कृति क्षणिक, ओघावर उभी केलेली चिरंजीव, असें त्यांचें सांगणें होतें. त्या काळीं हवेंतील कर्बवायूचा प्रश्न त्यांच्यासमोर नव्हता. परंतु सांठा जाळून आलेल्या श्रीमंतीचा खर्च कोणाच्या तरी खातीं कधींतरी पडणारच, हा जमाखर्चाचा नियम त्यांच्या भेदांतून आपोआप निघतो.

तेव्हां गरजेच्या आकड्याकडे कसें पाहावें? वर्ध्याच्या इतिहासावरून तीन प्रश्न हातीं येतात. पहिला, माप कोणतें धरलें : किती अन्न, किती पाणी, किती सुरक्षितता? १९४४ चे तीन आकडे मापाच्या फरकामुळेंच निराळे झाले होते, आणि ज्या आकड्याखालीं माप सांगितलेलें नाहीं तो आकडा नसून घोषणा आहे. दुसरा, मोजलें कोणीं : ज्याला गरज आहे त्यानें, कीं ज्याला द्यावयाचें आहे त्यानें, आणि ज्यांना मोजतां आलें नाहीं, त्यांच्या नांवापुढें काय लिहिलें? तिसरा, रकमेचें स्वरूप काय : तें देणें आहे, दान आहे, कीं परत फेडावयाचें कर्ज आहे?

हे तीन प्रश्न विचारल्यानें लगेच कोणाची थैली सैल होईल असें नाहीं. १९४४ सालीं ती झाली नाहीं, १९७० सालीं नाहीं, २०२४ सालींहि पुरेशी नाहीं. परंतु स्वातंत्र्यापूर्वीं ज्या माणसांनीं गांवोगांव हिंडून हिशेब मांडला, त्यांनाहि त्याच वर्षीं कांहीं मिळालें नव्हतें. त्यांनीं एवढेंच केलें कीं, आपली गरज दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याची संवय मोडली. पुढील परिषदेंत नवा आकडा जाहीर होईल. वर्तमानपत्रांत तो ठळक अक्षरांत येईल. त्या आकड्याला किती शून्यें आहेत हें मोजण्यापूर्वीं त्याच्याखालीं कलमें आहेत कीं नाहींत, हें पाहण्याचें काम मात्र सुशिक्षित नागरिकाचें आहे, आणि तें त्याला घरबसल्या करतां येण्यासारखें आहे.